चक बेरीला फोन कुणी केला?

परवा रात्री खोलीवर भांडण झालं. कारण म्हणाल तर एक पिच्चर. लॅपटॉपवर 'बॅक टू द फ्युचर' लावलेला, आम्ही सहा जण, तिघं खाटेवर नि तिघं फरशीवर. पिच्चर संपला नि आमच्यातल्या इंजिनिअरिंगच्या पोरानं वही काढली. वहीत त्यानं कथेतले झोल नंबर टाकून लिहिलेले.

मार्टी मॅकफ्लाय १९५५ सालात जातो, आपल्याच आईबापाचं जुळवून देतो. मग तीस वर्षांनी आपला पोरगा हुबेहूब त्या वेळच्या पाहुण्या पोरासारखा दिसतोय हे आईबापाला कळत कसं नाही? हा एक. मार्टी परत येतो तर घर पालटलेलं, बाप लेखक झालेला, गॅरेजात नवीकोरी गाडी. मग ह्या सुखाच्या घरात जो दुसरा मार्टी लहानाचा मोठा झाला, तो गेला कुठं? हा दोन. नि तिसरा तर कहरच. शाळेच्या नाचात मार्टी जी गिटार वाजवतो ती गिब्सन कंपनीची ईएस-३४५, नि ते मॉडेल १९५५ साली बाजारात आलेलंच नव्हतं.

मी म्हटलं, शाब्बास. गिटारीच्या मॉडेलपर्यंत तुझी नजर पोचली. आता त्या गिटारीवर जे गाणं वाजलं त्याचं काय?

तो म्हणाला, "अरे ते काय, जोक आहे तो."

तिथंच पेटलं. रात्री दोनपर्यंत चाललं, खालच्या मजल्यावरच्या मावशींनी वर येऊन झापलं तेव्हा थांबलं. पण माझं डोकं काही थांबलं नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी एक सांगून टाकतो. सिनेमातले झोल शोधणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे असं काही शहाणे म्हणतात. मी म्हणत नाही. ज्यांच्या बापजाद्यांना हजार वर्षं भाकडकथा ऐकवल्या गेल्या नि वर सांगितलं गेलं की मधे बोलायचं नाही, प्रश्न करायचा नाही, त्यांच्या पोरांनी वही घेऊन बसावं नि पडद्यावरच्या कथेला दर दहा मिनिटांनी "हे कसं काय?" म्हणून हटकावं, ही मला मोठी गोष्ट वाटते. माझी तक्रार वहीबद्दल नाही. वहीत जे आलं नाही त्याबद्दल आहे.

काळात पुढं जाण्यात फारसा झोल नसतो. आइनस्टाइनच्या सापेक्षतेत त्याला जागा आहे. 'इंटरस्टेलर' (२०१४) मध्ये त्या पाण्याच्या ग्रहावर एक तास काढला की पृथ्वीवर सात वर्षं उलटतात. किप थॉर्नसारखा भौतिकशास्त्रज्ञ त्या सिनेमाच्या पाठीशी होता, आकडे वाऱ्यावर सोडलेले नाहीत. भानगड सगळी मागं जाण्यात. नि मागं जायचं तर सिनेमावाल्यांकडं तीनच रस्ते.

पहिला: जे झालं ते झालंच, तू मागं जाऊनही तेच करशील. 'टर्मिनेटर' (१९८४) बघा. जॉन कॉनर भविष्यातून आपल्या आईला वाचवायला ज्या काइल रीसला पाठवतो, तोच जॉनचा बाप ठरतो. वर्तुळ बंद. त्याच्याही आधी, १९६२ साली, फ्रान्समध्ये ख्रिस मार्करनं 'ला जेते' काढला. अठ्ठावीस मिनिटांचा सिनेमा, जवळजवळ सगळा नुसत्या स्थिर फोटोंचा. लहानपणी विमानतळावर एक माणूस मरताना पाहिलेला, तो माणूस आपणच होतो हे शेवटी त्याला कळतं. अंगावर काटा येतो, नि झोल शोधायला जागा नाही. दुसरा रस्ता: भूतकाळ बदलता येतो, नि बदलला की तुझं वर्तमान पुसलं जातं. तिसरा: बदललास तर नवी फांदी फुटते, तुझी जुनी फांदी तशीच राहते.

ह्यातला कुठलाही नियम घ्या, मला चालतो. टाइम मशीन हेच मुळात खोटं, त्यात खरंखोटं काय करायचं? पण एकदा पत्ते वाटले की खेळ त्याच पत्त्यांनी खेळायचा. मधेच बाहीतून पत्ता काढला की ती बेइमानी. पहिल्या 'टर्मिनेटर'मध्ये सांगितलं की जिवंत मांसाचं आवरण असल्याशिवाय धातू काळातून जात नाही. १९९१ च्या दुसऱ्या भागात अख्खा वितळत्या धातूचा राक्षस आरामात येऊन उभा राहतो. 'एन्डगेम' (२०१९) मध्ये फांद्यांचा नियम घसा ताणून समजावला, नि शेवटी म्हातारा स्टीव्ह रॉजर्स तळ्याकाठच्या बाकड्यावर बसलेला. तो कुठल्या फांदीवरून आला? लेखक एक सांगतात, दिग्दर्शक दुसरंच सांगतात. त्यांचं त्यांनाच जमलेलं नाही.

हे सगळं वहीवाल्यांना पाठ आहे. नियम कुठं मोडला हे ते लगेच सांगतात. कुणासाठी मोडला, हे मात्र विचारत नाहीत.

आता त्या गाण्याकडं येतो. ज्यांनी पिच्चर पाहिला नसेल त्यांच्यासाठी: रॉबर्ट झेमेकिसचा हा सिनेमा १९८५ चा. शाळेचा नाच चालू आहे, तारीख १२ नोव्हेंबर १९५५. वाजवणारे काळे, नाचणारे गोरे. बँडच्या मार्विन बेरीचा हात जखमी होतो, त्याच्या जागी मार्टी गिटार घेतो नि 'जॉनी बी. गुड' वाजवतो. पोरं वेडी होतात. मार्विन धावत फोनकडं जातो, आपल्या चुलतभावाला लावतो. भाऊ कोण, तर चक. तू जो नवा आवाज शोधतोयस ना, तो हा ऐक, म्हणून फोन गाण्याच्या दिशेनं धरतो. थिएटरात हशा. खरं सांगतो, पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीही हसलो होतो.

आता वही उघडा नि हिशेब मांडा. हा सिनेमा कुठला नियम पाळतो? दुसरा. भूतकाळ बदलला की वर्तमान पुसलं जातं. म्हणून तर मार्टीच्या खिशातल्या फोटोतून आधी त्याचा भाऊ पुसट होतो, मग बहीण. ह्या नियमानं मार्टी जिथून निघाला ते १९८५ म्हणजे 'पहिला' इतिहास, ज्यात तो अजून मागं गेलेला नाही. त्या इतिहासातच तो 'जॉनी बी. गुड' वाजवायला शिकला. म्हणजे त्या इतिहासात ते गाणं चक बेरीनं बनवलं, स्वतः, कुणाच्याही फोनशिवाय. सिनेमाच्या स्वतःच्या कायद्यानं चक बेरी मालक ठरतो. नि मार्टी? मार्टी तीस वर्षं मागं जाऊन दुसऱ्याची चीज त्याच्या आधी वाजवून आला. आपल्या गल्लीत ह्याला काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे.

पण प्रेक्षकाला हसू येतं ते पहिल्या नियमावर. बंद वर्तुळावर. म्हणजे गाणं मार्टीनं चककडून शिकलं, चकनं मार्टीकडून. बनवलं कुणीच नाही, आभाळातून पडलं. अख्खा सिनेमा एका कायद्यावर, नि काळ्या माणसाची पाळी आली की मिनिटभरासाठी कायदा बदलला. मग पुन्हा जुना कायदा चालू, मार्टीला घरी जायचंय ना.

एकदाच झालं असतं तर चूक म्हणून सोडून दिलं असतं. दुसरं बघा. गोल्डी विल्सन. १९५५ मध्ये कॉफीच्या दुकानात झाडलोट करणारा काळा पोरगा. तो मालकाला ठणकावतो की मी रात्रशाळेत जातोय, मी काहीतरी होणार. मार्टीच्या तोंडून निसटतं, हा तर मेयर होणार. गोल्डीला ती कल्पना आवडते, मालक खिल्ली उडवतो. पुन्हा हशा. पण सिनेमाच्या सुरवातीला, मार्टी अजून कुठंही गेलेला नसताना, गावातून प्रचाराची गाडी फिरते, ती कुणाची? मेयर गोल्डी विल्सनची. म्हणजे तो मार्टीच्या सल्ल्याशिवायच मेयर झाला होता, रात्रशाळेच्या जोरावर. सिनेमा आपल्याच हातानं पुरावा ठेवतो नि आपल्याच हातानं श्रेय गोऱ्या पोराच्या खिशात घालतो. वहीत हे नव्हतं. तिसऱ्या नंबरला गिटारीचं मॉडेल होतं.

आणि कॅलेंडर? १९५५ च्या नोव्हेंबरात चक बेरी 'नवा आवाज शोधत' बसलाच नव्हता. त्याचं 'मेबेलिन' शिकागोच्या चेस कंपनीनं जुलै १९५५ मध्येच बाजारात आणलं होतं, काळ्यांच्या संगीताच्या यादीत ते पहिल्या नंबरावर गेलं होतं, गोऱ्यांच्या रेडिओवरही वाजत होतं. मार्विननं ज्या आवाजासाठी फोन लावला तो आवाज त्या वेळी गावोगावच्या ज्यूकबॉक्समध्ये चार आण्याला मिळत होता म्हणा ना. (चार आणे आपले, त्यांचं नाणं वेगळं.)

पण 'मेबेलिन'ची गोष्ट इथं संपत नाही. त्या तबकडीवर गाण्याचे लेखक म्हणून तीन नावं आली. चक बेरी, अ‍ॅलन फ्रीड, रस फ्रॅटो. फ्रीड हा न्यू यॉर्कच्या रेडिओवरचा बडा निवेदक, तबकडी वाजवायची की नाही हे त्याच्या हातात. फ्रॅटो कंपनीच्या ओळखीतला. गाणं लिहिण्याशी दोघांचा संबंध नाही, पण हिस्सा तिघांत. संपूर्ण हक्क चक बेरीच्या नावावर परत यायला १९८६ साल उजाडलं. एकतीस वर्षं! म्हणजे १९८५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतली थिएटरं त्या फोनच्या विनोदावर हसत होती, तेव्हा खऱ्या चक बेरीच्या खऱ्या गाण्यावर दोन उपऱ्यांची नावं अजून होती. काळयंत्र लागलं नाही त्यांना. फाउंटन पेन पुरलं.

१९७७ साली व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी चढवून पृथ्वीचे आवाज अंतराळात पाठवले, त्यात 'जॉनी बी. गुड' आहे. चक बेरी २०१७ साली वारला. त्याचं गाणं सगळ्या ग्रहांच्या पलीकडं गेलंय नि अजून चाललंय.

मला ठाऊक आहे काय म्हणाल. इंजिनिअर म्हणालाच: "तू प्रत्येक गोष्टीत जात-वर्ण काढतोस. दिग्दर्शकाच्या मनात वाईट काही नव्हतं." नसेल. मी कुठं म्हणतोय होतं? उलट सिनेमात मार्विनच्या बँडला गोरी टग्या पोरं शिवी हासडतात तेही दाखवलंय, मालकाची खिल्ली दाखवलीय. आंधळा नाही तो सिनेमा. शिवाय हे मीच पहिल्यांदा सांगतोय असंही नाही, अमेरिकेत ह्या फोनवर बोट ठेवणारे ठेवून गेलेत. पण मन चांगलं असताना, गंमत करताना, बेसावध असताना हात जिकडं जातो तिकडं तो का जातो, हाच तर प्रश्न. नि पँथर हे नाव ज्यांच्याकडून आपण १९७२ ला घेतलं, त्यांच्या गाण्याचा हिशेब आपण नाही विचारायचा तर कुणी?

मग कुणीतरी वातावरण हलकं करायला विचारलं, तुम्हाला मशीन मिळालं तर कुठं जाल? एक म्हणाला डायनासोर बघायला. एक म्हणाला १९८३ च्या लॉर्ड्सवर. मी म्हटलं, पणज्याच्या गिरणीत.

बोललो खरा, नि लगेच लक्षात आलं की जाणार कोण म्हणून? मार्टी १९५५ मध्ये उतरतो नि सरळ कॉफीच्या दुकानात शिरून स्टुलावर बसतो. त्याच वर्षी २८ ऑगस्टला मिसिसिपीत एमेट टिल नावाच्या चौदा वर्षांच्या काळ्या पोराला गोऱ्यांनी मारून टाकलं, सप्टेंबरात ज्यूरीनं खुन्यांना सोडून दिलं. १ डिसेंबरला मॉन्टगोमेरीत रोझा पार्क्सनं बसमधली जागा सोडायला नकार दिला. मार्टीचे ते मजेचे आठ दिवस ह्या दोन तारखांच्या मधले आहेत. त्याला त्यांची झळ नाही. गाव कॅलिफोर्नियातलं, मान्य. पण डिलोरियनमध्ये काळा पोरगा बसवा नि तीच कथा चालवून बघा. कॉफीच्या दुकानाच्या दारातच पटकथा नव्यानं लिहावी लागेल.

तसंच माझं. गिरणीत पगार चांगला साचेखात्यात. पण धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडानं ओढायला लागे, म्हणून अस्पृश्याला त्या खात्यात पाऊल टाकू देत नसत. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न मांडला होता. मी आजची पँट, आजचं शिक्षण, खिशात मोबाइल घेऊन उतरलो तरी साचेखात्याच्या दारात मला आधी आडनावच विचारलं जाणार. मशीन काळ बदलतं, अंग तेच राहतं. ह्या नियमाला अपवाद मी अजून पाहिला नाही.

हे ज्या बाईला पुरतं कळलं होतं ती ऑक्टाव्हिया बटलर. काळी लेखिका. तिची 'किन्ड्रेड' १९७९ ची, २०२२ ला तिच्यावर टीव्ही मालिकाही निघाली. १९७६ ची कॅलिफोर्नियातली डेना ओढली जाते गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडच्या मळ्यावर. तिथं उतरताक्षणी ती गुलाम. नि ज्या गोऱ्या मालकाच्या पोराला तिनं पुन्हा पुन्हा मरणातून वाचवायचं, तो तिचा पूर्वज. त्याला मरू दिलं तर ती जन्मणार नाही. जगू दिलं तर तो दुसऱ्या एका काळ्या बाईवर जबरदस्ती करणार, नि त्यातूनच डेनाचं घराणं सुरू होणार. आजोबाला मारलं तर नातू कसा, हे जुनं कोडं सगळे चघळतात. बटलरनं विचारलं, आजोबाच मालक असेल तर? परत येताना डेनाचा एक हात भूतकाळातच तुटून राहतो. ती मागं जाते कशी, कुठलं यंत्र, किती गिगावॅट, पुस्तकात एक अक्षर नाही. नि वाचताना मला त्याची आठवणही झाली नाही.

आपल्याकडं असंच कोडं एका नामांकित कथेत आहे. सिनेमा नाही, पण गणित तेच. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे प्राध्यापक अपघातानं दुसऱ्या फांदीवर जाऊन पडतात, जिथं १७६१ ला पानिपतावर मराठे जिंकलेले. विश्वासरावाची गोळी चुकते नि तिथून सगळं वेगळं: कंपनी सरकार चार-दोन ठिकाणी आक्रसून राहतं, यथावकाश लोकशाहीही येते. नारळीकर शास्त्रज्ञ माणूस, नियमात पक्के. फांदी फुटण्याच्या गणितात मला खोट सापडली नाही. पण ती फांदी मी माझ्या खिशातल्या फोटोशी लावून बघतो. कंपनी तशी आक्रसलेली असेल तर १८१८ चा मंदसौरचा तह नाही. तह नाही तर महूची छावणी नाही. छावणी नाही तर सुभेदार रामजींची पलटण तिथं नाही, नि १४ एप्रिल १८९१ ही नुसती एक तारीख. मार्टीच्या फोटोतून भाऊ नि बहीण पुसली गेली. माझ्या फोटोतून कोण पुसलं जातं बघा. इंग्रज उपकार करायला आला होता असं मी म्हणत नाही, महारांची लष्करभरती पुढं त्यानंच बंद केली. मी फक्त विचारतोय, त्या फांदीवर लोकशाही आली ती पेशव्यांकडं कुणी मागितली? महाडच्या तळ्याचं पाणी त्या फांदीवर कुणी, कुठल्या साली प्यायलं? 'जर'चा खेळ ज्यांचा फोटो शाबूत राहतो त्यांना मजेचा वाटतो.

हे बोलून झालं तेव्हा खोलीत सगळे गप्प. इंजिनिअरनं वहीत काहीतरी लिहिलं, दाखवलं नाही.

काल त्यांना दुसरा पिच्चर दाखवला. 'सी यू यस्टरडे', २०१९, दिग्दर्शक स्टेफन ब्रिस्टॉल, निर्माता स्पाइक ली. ब्रुकलिनची दोन काळी शाळकरी पोरं, सी.जे. नि सबॅस्टियन, घराच्या गॅरेजात पाठीवरच्या पिशवीएवढं काळयंत्र बनवतात. त्यांचा विज्ञानाचा मास्तर म्हणून पाहुणा नट कोण, तर मायकेल जे. फॉक्स. जुना मार्टी, आता म्हातारा, नि हातात पुस्तक कुठलं? 'किन्ड्रेड'. खोलीत शिट्ट्या पडल्या.

सी.जे.च्या भावाला पोलीस गोळी घालतात. चूक पोलिसाची, माणूस भलताच. ती मागं जाते. भाऊ वाचत नाही. पुन्हा जाते. भाऊ वाचतो, तर सबॅस्टियन मरतो. पुन्हा. पोरगी हुशार, यंत्र चोख, पण कुठल्याही फेरीत बंदूक घेतलेला पोलीस त्या रस्त्यावर हजरच. झोल ह्यातही आहेत. दोन सी.जे. एकाच वेळी एकाच मोहल्ल्यात फिरतात त्याचा हिशेब मधेमधे सुटतो, नि हे मी लपवणार नाही. सिनेमा संपतो ती धावत असते. पोचते की नाही, सांगत नाही. खूप जणांनी ह्या शेवटाला नावं ठेवली, अर्धवट म्हणाले.

इंजिनिअर म्हणाला, "थांब, मागं घे. शेवटच्या फेरीत ती नेमकी किती वाजता उतरते?"

मागं घेतलं. वही उघडी होती. तो मिनिटं मोजत होता, भाऊ मरायला किती उरलीत ती. "इथून पळाली तर," तो म्हणाला, "नि मधे सिग्नल नसेल तर..." खालच्या मावशींनी पुन्हा दार वाजवलं.